बोत्सवानात १८ हजार पुला पगाराची ऑफर आहे, तिघांचं घर चालून मागे काही उरेल का?

सातपूर_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, चौदा वर्षं झाली, हातात महिन्याला ६२ हजार येतात. इंदिरानगरला फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता २१ हजार. बायको एका क्लिनिकमधे रिसेप्शनला आहे आणि मुलगी तिसरीत. आता ओळखीतून आफ्रिकेतल्या बोत्सवानाच्या राजधानीची, गॅबोरोनची ऑफर आलीये, पॅकिंग मटेरियलचा कारखाना आहे, दोन वर्षांचा करार, महिन्याला १८ हजार पुला ग्रॉस. मी लगेच गुणाकार केला, पुला सव्वासहा रुपयाच्या आसपास चालू आहे म्हणजे एक लाख साडेबारा हजार झाले, आणि घरात सगळे एकदम खुश. पण रात्री झोप लागेना. कारण तिथे घरभाडं किती, किराणा किती, शाळा किती, यातलं मला काहीच माहीत नाही, आणि एजंट फक्त "सर, बहोत सस्ता कंट्री है" एवढंच बोलतो. ऑफर लेटरमधे घराचा उल्लेख नाही, शाळेचा नाही, मेडिकलपुढे "अॅज पर कंपनी पॉलिसी" एवढंच लिहिलंय. तिकडे राहिलेलं कोणी असेल तर प्लीज खरे आकडे सांगा. एकट्याने जाऊन पैसे पाठवायचे की तिघांनी जायचं हेच ठरत नाहीये, आणि पंधरा दिवसात उत्तर द्यायचंय.

पाथर्डीफाटा

भाऊ, मी गॅबोरोनला २०१४ ते २०२२ होतो, अकाउंट्समधे. पहिलं म्हणजे तो सव्वासहाचा गुणाकार डोक्यातून काढून टाका. पुला मिळतो पुलात आणि खर्च होतो पण पुलात, रुपयात फक्त शेवटी उरलेलं मोजायचं. मी पण पहिले सहा महिने दुधाच्या पिशवीपाशी उभं राहून गुणाकार करायचो, त्याने काही हाती लागत नाही, नुसता जीव घाबरा होतो.

आता तुमच्या १८ हजाराचं बघू. मी होतो तेव्हा रहिवाशाला वर्षाचे पहिले ४८ हजार पुला करमुक्त होते, मग पाच टक्के, साडेबारा, पावणेएकोणीस असं चढत जाऊन १ लाख ५६ हजाराच्या वर २५ टक्के. तुमचे वर्षाचे होतात २ लाख १६ हजार, त्यावर साधारण २८ हजार कर, म्हणजे हातात महिन्याला साडेपंधरा हजाराच्या थोडं वर. आपल्या इकडच्या मानाने कर जड नाहीये, तिथे तक्रार नाही. यंदाचे स्लॅब तेवढे कंपनीकडून लिहून मागवा.

घरभाडं. ब्रॉडहर्स्टला किंवा ब्लॉक नावाच्या वस्त्यांच्या बाजूला दोन बेडरूमचं बरं घर मी सोडलं तेव्हा पाच-साडेपाच हजाराच्या खाली मिळत नव्हतं, भिंतीला विजेच्या तारा आणि गेट असलेल्या कॉम्प्लेक्समधे त्याहून वर. त्लोक्वेंग आणि मोगोदित्शाने ही गावं शहराला अगदी चिकटून आहेत, तिथे स्वस्त मिळतं, बरेच आपले लोक तिथेच राहतात. पण मग गाडी लागतेच. आणि गाडीचं मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय, कारण एजंट ते कधीच सांगत नाही. तिथे कोम्बी असतात, आपल्या जुन्या काळ्यापिवळ्या मॅक्स जीपसारख्या ठरलेल्या रूटवर माणसं भरून चालणाऱ्या छोट्या व्हॅन, भाडं अगदी कमी, दिवसा उत्तम. पण संध्याकाळनंतर विरळ होतात आणि रविवारी वाट बघत बसावं लागतं. तुमची शिफ्ट रात्री दहाला सुटली तर काय करणार? जपानहून आलेल्या जुन्या गाड्या मिळतात, स्टीअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, गाडी डावीकडून चालवायची, त्यामुळे हात बसायला दोन दिवस पण लागत नाहीत. मी वापरलेली होंडा फिट ४२ हजार पुलाला घेतली होती. म्हणजे तुमचे अडीच-पावणेतीन महिन्यांचे पगार आधी गाडीत जाणार, ते पैसे कुठून आणायचे ते आत्ताच ठरवा. पेट्रोल मात्र नाशकापेक्षा स्वस्तच पडायचं.

वीज प्रीपेड, मीटरमधे आकडा मारून युनिट भरायचे. हिवाळ्यात बिल वाढतं हे लक्षात ठेवा, कारण जून-जुलैत रात्री निफाडसारखी थंडी पडते, घरं सिमेंटची आणि थंडगार, हीटर लावल्याशिवाय लेकरू झोपत नाही. पाण्याचं एक सांगतो. २०१५ च्या सुमाराला गॅबोरोन धरण जवळजवळ कोरडं पडलं होतं, आम्ही बादल्या भरून ठेवायचो, आणि आपलं गंगापूर धरण भरलं की आपण जसे फोटो टाकतो ना, तसेच २०१७ ला ते धरण भरलं तेव्हा लोक गाड्या काढून बघायला गेले होते. तिथे पुला या शब्दाचा अर्थच पाऊस आहे, सेत्स्वाना भाषेत, आणि पैशाला तेच नाव दिलंय १९७६ पासून. त्यामुळे घर बघताना मागे जोजो टाकी आहे का ते विचारा, प्लास्टिकच्या टाकीला तिकडे जोजोच म्हणतात.

आता बेरीज करा. भाडं साडेपाच, किराणा-भाजी तिघांचा ३८००, गाडी-पेट्रोल-विमा दीड हजार, वीज-पाणी नऊशे, फोन-इंटरनेट आठशे. झाले साडेबारा हजार. उरले तीन-सव्वातीन हजार पुला, म्हणजे वीस हजार रुपये, आणि तुमचा हप्ताच २१ चा. शाळा तर मी अजून धरलीच नाहीये.

अंबड_लिंकरोड

मग जायचंच कशाला भाऊ? वहिनींची नोकरी पण जाईल. नवऱ्याच्या परमिटवर गेलेल्या बायकोला तिथे तशी नोकरी करता येत नाही, तिचं वेगळं वर्क परमिट लागतं, माझ्या मावसबहिणीचं तेच झालं, तीन वर्षं घरात बसून काढली. इथे दोघांचे मिळून ऐंशी हजार येत असतील तर तेच बरं.

निफाडची_लेक

मी गॅबोरोनला सहा वर्षं होते, २०१८ ते २०२४, किराण्याचं माझ्याकडून ऐका कारण ते सगळं मीच बघायचे.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की तिथल्या दुकानातला बहुतेक माल दक्षिण आफ्रिकेतून ट्रकने येतो. देश मोठा आहे पण बराचसा कलाहारीचं वाळवंट, समुद्र नाही, वस्ती पंचवीस लाखाच्या आसपास म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा पण निम्म्याहून कमी. त्यामुळे साबण, तेल, बिस्किट, सगळ्यावर वाहतूक चढते आणि वर १४ टक्के व्हॅट. चॉप्पीज हे तिथलं स्वतःचं सुपरमार्केट, लोबात्सेहून सुरू झालेलं, आमचा महिन्याचा किराणा तिथूनच. तूरडाळ, पोहे, गूळ, हिंग हे आपल्या लोकांच्या दुकानात मिळतं पण नाशकाच्या दुप्पट धरा, कधी जास्तच. मी दर सुट्टीत येताना गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ घेऊन जायचे, बाकी काही लादत नव्हते.

पण तिथलंच जे पिकतं ते खायला शिकलं की खर्च निम्म्यावर येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. तिकडे माबेले म्हणतात ती म्हणजे आपली ज्वारीच! त्याची ते बोगोबे नावाची घट्ट पेज करतात, म्हणून दुकानात मिळणारं पीठ भरड असतं, रव्यासारखं. मी ते मिक्सरमधून दोनदा काढायचे, बारीक चाळणीने चाळायचे, आणि उकळत्या पाण्यात उकड काढून मळायचे. पहिल्या आठवड्यात भाकरी तव्यावर टाकताना प्रत्येक वेळी मधोमध चिरली. मग उकड जास्त वेळ झाकून ठेवली आणि जमलं. त्या दिवशी घरात ठेचा नव्हता तर नुसत्या तेल-तिखटाबरोबर चौघांनी अकरा भाकरी खाल्ल्या. दिनावा म्हणजे चवळी, ती पण स्वस्त, तिचा पाला मोरोगो म्हणून वाळवलेला मिळतो, लसूण घालून परतला की आपल्या पालेभाजीसारखाच. मादिला म्हणजे घट्ट आंबट दही, कढीला एकदम बेस्ट.

आता कांद्याचं. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जानेवारी २०२२ पासून तिथल्या सरकारने सोळा भाज्यांची आयात बंद केली, कांदा, टोमॅटो, बटाटा, कोबी असं सगळं, हेतू हा की देशातल्या शेतकऱ्याला बाजार मिळावा. पण तिथे तेवढं पिकत नव्हतं. मी दुकानात गेले की कांद्याच्या खणात टरफलं आणि चार मऊ पडलेले कांदे, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी भाव असा की मी अर्धा किलो घेऊन परत यायचे. निफाडची मुलगी, आमच्या खळ्यावर कांद्याच्या चाळीत लपाछपी खेळलेली, आणि दोन कांदे हातात घेऊन विचार करतेय की आज भाजीत घालू का उद्यासाठी ठेवू. आणि त्याच काळात, फेब्रुवारी-मार्च २०२३ ला, आमचे दादा लासलगावला कांदा घेऊन गेले तर भाड्याचे पैसे पण निघाले नाहीत. नंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं ते त्याच वर्षीचं. मी फोनवर दादांना म्हटलं इथे कांदा मिळत नाही हो, तर ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत.

तरी मला त्या बंदीचा नुसता राग येत नव्हता. शेतकऱ्याच्या घरची आहे मी, बाहेरचा माल आला की आपला पडतो हे लहानपणापासून बघितलंय. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी टेबल लावून बसायच्या, टोमॅटोचे पाच-पाच नगांचे ढीग करून. त्या म्हणायच्या आता माझ्या भावाच्या शेतातलं विकलं जातं. मी त्यांच्याकडूनच घ्यायला लागले. महाग पडायचं, पण ताजं असायचं.

सातपूरवाले दादा, किराण्याला ३८०० बरोबर आहे, पण पहिल्या तीन महिन्यात ५००० धरा. डबे, कुकर, गाद्या, सगळं नव्याने लागतं. कुकर इथूनच न्या. आणि आपल्या गिझरची ती मोठी गोल तीन पिनांची पिन तिथल्या बऱ्याच सॉकेटला बसते, त्यामुळे मिक्सर न्यायचा तर त्याला इथेच मोठी पिन लावून घ्या.

सातपूर_मेंटेनन्स

ताई, तुमचं वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणाली आपण जायचं ठरलं तर जात्यावरची बारीक चाळणी आधी पॅक करते. पाथर्डीफाटा भाऊ, तुमचे मनापासून आभार, इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. अंबडवाले भाऊ, बायकोच्या नोकरीचा मुद्दा खरंच माझ्या डोक्यातच आला नव्हता, ती गप्प होती आणि मी समजलो की ती तयार आहे, काल विचारलं तर म्हणाली मला नोकरी सोडायची भीती वाटते पण तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मागे हटाल म्हणून बोलले नाही.

शाळा आणि दवाखाना याचं कोणी सांगेल का? मुलगी जूनला चौथीत जाणार.

देवळालीकर

मी सध्या गॅबोरोनलाच आहे, नववं वर्ष. मूळ देवळाली कॅम्पचा. इथे आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, तिकडे साडेदहा झाले असतील.

शाळेचं पहिलं म्हणजे इथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरला संपतं, तीन टर्म. तुम्ही मुलीला मधेच आणलं तर एकतर अर्धं वर्ष मागे किंवा अर्धं वर्ष पुढे ढकलतात, दोन्ही लेकराला जड जातं. आणायचंच असेल तर डिसेंबरात आणा. आपले लोक मुलांना खासगी इंग्रजी शाळेतच घालतात आणि मधल्या दर्जाच्या शाळेला एका टर्मचे पंधरा ते वीस हजार पुला जातात, नामांकित शाळांचे त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे महिन्यावर आणलं तर चार-पाच हजार. वरती पाथर्डीफाट्याने जो हिशेब मांडला त्यात हे मिळवा, तुम्ही सरळ खड्ड्यात जाता. यात कुठलीही गडबड नाही, हाच हिशेब आहे. शाळेचा खर्च कंपनी देत नसेल तर १८ हजारावर कुटुंब आणू नका.

दवाखाना. नागरिकांना सरकारी दवाखाना नाममात्र पैशात आहे, आणि तो बरीच वर्षं चांगला चालला, एड्सच्या औषधांच्या बाबतीत तर या देशाने सगळ्या आफ्रिकेला वाट दाखवली. पण ऑगस्ट २०२५ ला औषधांचा तुटवडा इतका झाला की राष्ट्राध्यक्ष बोको यांनी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. आपल्यासारख्या परदेशी माणसाला तर मेडिकल एड हवीच, म्हणजे आपल्या मेडिक्लेमसारखी पण दर महिन्याला पगारातून कापली जाणारी, निम्मे कंपनी आणि निम्मे आपण अशी बहुतेक ठिकाणी पद्धत. "अॅज पर कंपनी पॉलिसी" हे वाक्य मला आवडलेलं नाही. बायको-मुलगी त्यात धरली आहे का आणि कंपनी किती टक्के भरते हे आकड्यात लिहून घ्या.

अजून एक, जे एजंटच काय पण कंपनी पण सांगणार नाही. या देशाचा संसार हिऱ्यावर चालतो, निर्यातीतला बहुतेक पैसा त्याचाच, आणि २०२३ पासून हिऱ्याचा बाजार पडलाय, प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांनी आणि मंदीने. खाणींनी उत्पादन कमी केलं. त्याचा धक्का खाणीपुरता राहत नाही, खाणीला माल पुरवणारे, ट्रकवाले, हॉटेलं, सगळीकडे पोचतो. तुमचा पॅकिंगचा कारखाना आहे तर विचारा की गिऱ्हाईक कोण, किराणा-खाद्यपदार्थवाले असतील तर बरं, खाणीचे पुरवठादार असतील तर दोन वर्षांचा करार दोन वर्षं टिकेल याची खात्री करून घ्या आणि मधेच काढलं तर परतीचं तिकीट आणि किती महिन्यांचा पगार हे लिहून घ्या. इथे बऱ्याच करारात शेवटी मूळ पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत ग्रॅच्युइटी असते, ती तुमच्या पत्रात आहे का बघा. नसेल तर मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.

आणि इथल्या लोकांचं पण सांगतो. माझ्याबरोबर मशीनवर काम करणारा मोत्स्वाना, म्हणजे इथलाच मुलगा, हुशार, त्याला माझ्या एक तृतीयांश पगार. तो मोगोदित्शानेला एका खोलीत राहतो, पहाटे साडेपाचला कोम्बी पकडतो, आणि महिन्याच्या शेवटी आईला गावी पैसे पाठवतो. जानेवारी त्याच्यासाठी सगळ्यात कठीण, कारण डिसेंबरात सगळे गावी जातात, खर्च होतो आणि लगेच भावंडांच्या शाळेचे कपडे येतात. आपण इथे महाग महाग म्हणतो तेव्हा तो समोर बसलेला असतो, हे मी स्वतःला दर वेळी आठवण करून देतो. तुम्ही आलात तर कामावर पहिल्या दिवशी प्रत्येकाला "दुमेला रा", बाईमाणसाला "दुमेला मा" म्हणून मगच कामाचं बोला. इथे नमस्कार न करता बोलायला लागलेला माणूस उर्मट समजतात.

पाथर्डीफाटा

देवळालीकर काकांनी शाळेचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. भाऊ, मग दुसरी बेरीज करतो. घर आणि शाळा कंपनीने दिली तर साडेपंधरातून तुमचे सात हजार खर्च, साडेआठ हजार पुला उरले, म्हणजे त्रेपन्न-चोपन्न हजार रुपये. घराचा फायदा पण करात धरतात त्यामुळे थोडं कमी होईल, तरी हप्ता जाऊन तीस हजार शिल्लक. त्यासाठी जाणं मला पटतं. तेच घर-शाळा न देता नुसते १८ देत असतील तर मी तरी जाणार नाही. पुला हा दक्षिण आफ्रिकेचा रँड आणि आणखी काही परदेशी चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे, त्यामुळे रँड घसरला की तुमचे रुपये पण घसरतात, हे पण धरा.

सातपूर_मेंटेनन्स

आज दुपारी कंपनीच्या एचआरशी थेट बोललो, एजंटला बाजूला ठेवून. घर द्यायला तयार आहेत, त्लोक्वेंगला, दोन बेडरूम, जोजो टाकी आहे असं म्हणाले, मी विचारल्यावर ते हसले. शाळेचे अर्धे पैसे द्यायची तयारी आहे, पूर्ण नाही. मेडिकल एड तिघांची, निम्मी. ग्रॅच्युइटीचं उद्या सांगतो म्हणाले. गिऱ्हाईक बहुतेक पिठाच्या गिरण्या आणि चिकनवाले आहेत, खाण नाही.

घरात असं ठरलं की मी पहिल्यांदा एकटा जाणार, ती नोकरी चालू ठेवणार, मुलगी इथेच चौथी सुरू करेल, आणि डिसेंबरात मी काय वाचवलं ते बघून मग तिघांचं ठरवायचं. आई म्हणाली सहा महिने लेकीला बघायला मी आहे.

निफाडची ताई, एकच विचारायचं राहिलं, मी एकटा असेन तर ते माबेलेचं पीठ दोनदा मिक्सरमधून काढायचं म्हणजे कोरडंच ना?

निफाडची_लेक

कोरडंच, आणि एका वेळी वाटीभरच घाला, जास्त घातलं तर भांडं तापतं आणि पिठाला वास येतो. एकट्यापुरतं तीन भाकरींचं पीठ करून ठेवा, जास्त दिवस टिकत नाही. उकड झाकून दहा मिनिटं. चिरली तर चिरली, दुधात कुस्करून खा.